चोवीस पट्ट्यांचा सूर्य

आमच्या आतोबांनी घाटकोपरच्या चाळीत, खिडकी नसलेल्या खोलीत, स्वतःच्या हातांनी सूर्य बसवला होता. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. तो सूर्य मी डोळ्यांनी पाहिला आहे, त्याच्या उजेडात बी.एस्सी.चा अभ्यास केला आहे, आणि भर दुपारी बाराला तो धाडकन विझतानाही पाहिला आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरचे मुकादम होते. संप झाला, गिरणीला टाळं लागलं, आणि मी गावाहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा त्या टाळ्याला दोन वर्षं होत आली होती. आत्या पहाटेपासून डबे करायची. आतोबा अंधेरीला एका औद्योगिक वसाहतीत वॉचमन झाले होते, आणि तो खाकी शर्ट घरी येताच असा झटकन काढायचे की जणू तो दुसऱ्या कुणाचा चुकून अंगात आला आहे. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चूल, डबे आणि माणसं. आतल्या खोलीत दिवसासुद्धा डोळे फाडून चालावं लागे. अशा घरात एक कॉलेजात जाणारी मुलगी ठेवून घेणं म्हणजे काय, हे मला आज कळतं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

आतोबांच्या अंगातून गिरणी गेलीच नव्हती. साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांच्या खुणांनी बोलत. आतोबा घरीही चहा खुणेने मागायचे. रेशनच्या दुकानात त्यांनी दोन बोटं नाचवून साखर मागितली, तेव्हा दुकानदाराला वाटलं, बिचारा मुका आहे. त्याने रांगेतून पुढे घेऊन त्यांना आधी साखर दिली. यांनी खणखणीत आवाजात "थँक्यू शेठ" म्हटल्यावर मागच्या रांगेने जे तोंडसुख घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरी खोड कापडाची. समोर कुणीही येवो, त्याच्या बाहीचा कोपरा चिमटीत धरून चोळायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या हेडक्लार्कची बाही चोळून ते म्हणाले, "साहेब, दोन धुण्यांत विरणार हे. फसवलं तुम्हाला." मी जमिनीत गडप व्हायची जागा शोधत होते. आणि रोज सकाळी पावणेसातला ते हातातला कप थांबवून, मान वाकडी करून ऐकत राहत. गिरणीचा भोंगा वाजायचा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. थोडं थांबून ते स्वतःशीच म्हणत, "आज वारा उलटा आहे." मग चहा प्यायचे.

गावाहून येताना मी एका पत्र्याच्या डब्यात शेवंतीचं रोप आणलं होतं. आमच्या गावच्या घराच्या वाटण्या झाल्या, अंगण विकलं गेलं, तिथे कुणाची तरी वखार आली. आजीने विहिरीकडे लावलेल्या पिवळ्या शेवंतीच्या बेटातलं एवढं एकच रोप मी उपटून आणू शकले. आत्याने डबा दोन्ही हातांनी घेतला. मग दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवला. पण महिन्याभरात शेजारच्या नव्या इमारतीची भिंत अशी उभी राहिली की ओट्यावरचं ऊन कायमचं गेलं. रोप पिवळं पडू लागलं. आत्या आतोबांना एवढंच म्हणाली, "आयेची शेवंती एकदा फुललेली बघूची होती मां. आता खंयची फुलता!"

आतोबा उठले, डबा उचलला आणि आतल्या काळोख्या खोलीत नेऊन ठेवला. "ऊन नाय ना? ऊन आपण बनवू," ते म्हणाले.

वसाहतीतल्या कारखान्यांनी टाकून दिलेल्या ट्यूबा आणि चोक त्यांनी परवानगीने गोळा केले. अशा नऊ ट्यूबा खोलीच्या छताला टांगल्या. त्या चालू-बंद कशा करायच्या, हा प्रश्न कुणा वायरमनला पडला असता तर त्याने भिंतीवर नऊ बटणं ठोकली असती. आतोबा डॉबीवाले होते. डॉबी म्हणजे साच्यावर नक्षी पाडणारं यंत्र: लाकडी पट्ट्यांची साखळी, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या. साखळी फिरते, खुंटी ज्या धाग्याखाली येते तो धागा वर उचलला जातो. आतोबांनी तशीच साखळी केली. दिवसाच्या तासांच्या चोवीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीला नऊ भोकं. खुंटी आली की पितळेची पात उचलली जायची आणि तिची ट्यूब पेटायची. तीन ट्यूबा पहिल्या पाळीला, तीन दुसऱ्या, तीन तिसऱ्या. "ट्यूब झाली म्हणून काय झालं, आठ तासांवर काम नाय," हा त्यांचा कायदा.

साखळी ओढायला वजन हवं होतं. त्यासाठी आत्याचा वरवंटा टांगला. दर तासाला एक पट्टी सुटावी म्हणून जुन्या ठोक्यांच्या घड्याळाची हातोडी साखळीच्या खिटीला जोडली. सकाळी दहाला हे सगळं जोडून झालं. अकराला अकरा ठोके पडले आणि अकरा पट्ट्या सरकल्या, पण आतोबा तेव्हा दाढी करत होते, त्यांच्या लक्षातच आलं नाही. बाराला बारा ठोके. साखळी धडधडत धावली, नऊच्या नऊ ट्यूबा एकमेकींच्या मागोमाग पेटल्या, वरवंटा लादीवर आपटला आणि चाळीच्या अख्ख्या रांगेचा फ्यूज उडाला. समोरच्या खोलीतल्या मावशी दारात येऊन ओरडल्या, "काय ओ जॉबर, तुमची गिरणी आता घरातच काढलीत काय?"

"चाचणी चाललीय, मावशी!" आतोबा तोंडावरचा घाम पुसत म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता की फ्यूज उडाल्याचा आनंद होणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग ठोक्यांचा नाद सोडून त्यांनी खिटी मिनिटकाट्याला जोडली, आणि यंत्र सरळ चालू लागलं. वीज वाचावी म्हणून माणसांचा पंखा बंद झाला. डब्यांसाठी खोबऱ्याचं वाटप वाटायची वेळ झाली की आत्या आतल्या खोलीच्या दारात उभी राहायची. "अवो, माझो वरवंटो सोडा. डबे जाऊचे आसत."

"नऊच्या आत परत दी हां. नऊला पट्टी पडता."

"सूर्याक सांगा, खोबरा वाटून झाल्यार ये म्हणान!"

शेवंती अशी वाढली की बघत राहावं. हिरवीगार, कमरेएवढी, पानं तळहाताएवढी. चाळीतली माणसं बघायला यायची. पण कळी धरेना. दसरा गेला. दिवाळी गेली. आत्या रोज सकाळी शेंडे बोटांनी चाचपायची आणि चुलीकडे वळायची. तिचं ते वळणं आतोबांना सोसत नव्हतं. त्यांनी ट्यूबा आणखी खाली उतरवल्या. कळी नाहीच.

त्याच आठवड्यात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी वर्गात शिकवलं की शेवंतीसारखी झाडं रात्र लांबली की फुलतात. मी बाकावरच ताठ झाले. संध्याकाळी धावत घरी आले.

"आतोबा, तिला काळोख पाहिजे! रोज चौदा तास. तुम्ही तिला रात्रच होऊ देत नाही."

"कोण म्हणता?"

"आमच्या बाई. पुस्तकातही आहे."

"बाईन साचो चालवल्यान काय कधी?"

मला राग आला. "ट्यूबला आठ तासांवर काम नाही म्हणता ना? मग झाडाने तिन्ही पाळ्या का करायच्या?"

आतोबा यंत्राकडे वळले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाळी बंद करा म्हणून सांगणारे गिरणीत पण शिकलेलेच होते गो."

शिकल्याची लाज मला आयुष्यात तेवढीच एकदा वाटली. पाट्यापाशी बसलेली आत्या हात न पुसताच आत आली. "काढा तुमी खुंटये," ती म्हणाली. "सांगणारी आपली पोर आसा."

रविवारी सकाळी आतोबांनी खुंट्या काढल्या. चौदा पट्ट्यांतली एकेक खुंटी ते चिमटीने ओढत होते आणि अंगठ्याने भोकावरून हात फिरवत होते. मी बाजूला उभी होते. शेवटची निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता खुणेने चहा मागितला. त्या दिवसापासून संध्याकाळी पाचला आतल्या खोलीचं दार बंद. फटीला चादर. मी पुस्तकं घेऊन बाहेर ओट्यावरच्या दिव्याखाली.

तीन आठवड्यांनी शेंड्यांवर मोहरीएवढं काहीतरी दिसलं. आतोबांनी ते मला दाखवलं, आणि कापड चोळतात तशी माझ्या ओढणीची कड चिमटीत धरली. निकाल काही दिला नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात आत्याने दार उघडलं आणि खाली बसली. दुसऱ्या कुणाची फुलं असती तर त्यांची वेणी झाली असती. तिने एकही फूल तोडलं नाही. तोंड जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "विहिरीकडचोच गो." आतोबा दाराच्या चौकटीला टेकून आमच्या दोघींकडे बघत होते.

आज ती चाळ नाही, ती दोघंही नाहीत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. प्रयोगशाळेतले दिवे आपोआप लागायचे, विझायचे, आणि दर वर्षी शेवंतीच्या धड्याला माझा आवाज जरा खाली जायचा. मुलांना वाटायचं, बाईंचा घसा बसलाय. आतोबांची गिरणी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. आजीच्या शेवंतीला मात्र त्या संक्रांतीला, खिडकी नसलेल्या खोलीत, एकवीस फुलं आली.