गेरिटची साडेअकरा फुटी काठी

बल्कली नदीकाठच्या टेल्क्वा गावात स्टीलहेड मासा धरणारे दोनच प्रकारचे लोक आहेत, असं गेरिट वीर्स्मा म्हणायचा: एक तो स्वतः, आणि बाकीची गाढवं.

गॅरेजमागच्या खोलीत तो एकेचाळीस वर्षं गळाच्या काठ्या बांधत आला होता. दोन्ही हातांनी फेकायच्या लांब स्पे काठ्या, एकेका माणसाच्या मापाच्या. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला नदीवर न्यायचं, पाण्यात उभं करायचं आणि फेकायला लावायचं, ही त्याची रीत. माणसाचा हात पाहिल्याशिवाय तो काठीची लांबी ठरवत नसे आणि काठी कशी वाकते ते पाहिल्याशिवाय दोरी निवडत नसे. दोरीचं वजन काठीला वाकवतं, आणि वाकलेली काठी दोरी फेकते. दोरी हलकी पडली तर काठी ढिम्म राहते, जड झाली तर पार लुळी पडते. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्यांच्या टाळक्यात शिरत नाही, म्हणून त्याला त्या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता.

एकदा कॅल्गरीहून एक दातांचा डॉक्टर आला. अंगावरचे सगळे कपडे नवे कोरे.

"मला पंधरा फुटी हवी," तो म्हणाला. "पलीकडच्या काठापर्यंत पोचणारी."

"का? पलीकडच्या काठावर तुमचं कुणी राहतं का?"

"मासे लांब, खोल पाण्यात असतात ना?"

"मासे तुमच्या पाठीमागे होते, गुडघाभर पाण्यात. तुम्ही त्यांना तुडवत इथवर आलात."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. गेरिटने त्याला तेरा फुटी बांधून दिली आणि कॉफी पिताना बायकोला, अलिडाला, सांगितलं, "दात उपटून उपटून त्याला वाटायला लागलंय, जोर लावला की काहीही निघतं."

पण खरा राग होता तो आखूड काठ्यांवर. अकरा, साडेअकरा फुटांच्या, आणि त्यांना जोडलेल्या जाड, तोकड्या, जड दोऱ्या. असल्या काठीला तो 'कुबडी' म्हणायचा आणि ती बांधून द्यायला साफ नकार द्यायचा. विल्मा पोस्टमाकडे तसली एक होती, बाहेरून मागवलेली. विल्मा शाळेची बस चालवायची, रविवारी चर्चमध्ये त्याच्या पुढच्याच बाकावर बसायची, आणि दर वर्षी त्याच्यापेक्षा जास्त मासे धरायची. गेरिट म्हणायचा, नशीब आहे बाईचं, अक्कल नाही.

अशा या माणसाचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी कुरकुरायला लागला. आधी फेकून झाल्यावर दुखायचा, मग फेकताना, आणि आता हात कानाच्या वर जाईना. त्याची चौदा फुटी काठी उचलली जायची, पण फिरत नव्हती. त्याने कुणाला सांगितलं नाही. बल्कली नदीत उतरता आलं नाही तर पानगळीचे दिवस काढायचे कसे, हे त्याला ठाऊक नव्हतं. अलिडासमोर बसून माणूस कॉफी पिणार तरी किती?

नदीवर एक नियम आहे. वरच्या टोकाला पाण्यात उतरायचं, एकदा फेकायचं, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं; मागून येणाऱ्याला जागा मिळत जाते. एका जागी उभं राहणाऱ्यांच्या सात पिढ्या गेरिटने काठावरून उद्धारल्या होत्या. आणि सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तो स्वतःच खांबासारखा उभा होता. न फेकता सरकायचं म्हणजे हात गेल्याचं कबूल करणं, आणि फेकणं तर जमत नव्हतं.

मागून विल्मा आली. बराच वेळ थांबली.

"गेरिट, मूळ धरलंस की काय?"

"मासा दिसलाय. थांब जरा."

"मासा दिसलाय म्हणे! दोरी तर तुझ्याच पायात पडलीय."

"तू तुझं बघ."

"वीस मिनिटं तुझंच बघतेय. ही माझी घे, फेकून बघ एकदा."

"कुबडी? ती लंगड्यांना लागते."

विल्मा पाण्याबाहेर आली, काठाने चालत गेली आणि त्याच्या खालच्या अंगाला उतरली. त्या नदीवर एखाद्याला असं ओलांडून जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. गेरिटला ते कळलं. शिवी देण्याचा हक्क आपल्याकडे उरलेला नाही, हेही कळलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

घरी येऊन त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि दहा दिवसांत साडेअकरा फुटी काठी बांधली. बांधलेल्या काठीवर मुठीच्या वर मालकाचं नाव शाईने लिहून त्यावर वॉर्निश चढवतात. अलिडा कॉफी घेऊन आली तेव्हा तो नावच लिहीत होता.

"कुणाची रे ही? तू तर असल्या बांधत नाहीस."

"टेरेस गावचा एक म्हातारा आहे. डायक्स्ट्रा. खांदा गेलाय त्याचा."

"बिचारा."

"बिचारा कसला! महामूर्ख आहे."

काठी झाली, राहिली दोरी. एवढ्या आखूड काठीला किती वजनाची दोरी लागते, हे या उस्तादाला माहीतच नव्हतं. जन्मभर नाक मुरडलं, शिकणार कधी? विल्माला विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. त्याऐवजी त्याने आपली जुनी, लांब, हलकी दोरी चढवली. दातांच्या डॉक्टरनेही असला गाढवपणा केला नसता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो नदीत उतरला. काठी फिरवली. खांदा दुखला नाही, पण काठीही वाकली नाही. दोरी हातभर अंतरावर गुंतवळ होऊन पडली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच.

"मी म्हणत नव्हतो? भिकार काठी!" तो मोठ्याने म्हणाला, आणि घटकाभर त्याला खरोखर आनंद झाला. मग लक्षात आलं की हे म्हणून झाल्यावर आता करण्यासारखं फक्त घरी जाणं उरलंय.

वरच्या अंगाला विल्मा एका ओंडक्यावर बसून थर्मासमधली कॉफी पीत होती. गेरिट तिच्याकडे चालत गेला. एवढी वाट चालायला त्याला फार वेळ लागला.

"विल्मा, एका गिऱ्हाइकाचं विचारायचं होतं. एवढ्या काठीला दोरी केवढी लावतात?"

तिने काठी हातात घेतली, हलवून पाहिली, मग नाव वाचलं.

"हा पी. डायक्स्ट्रा कोण?"

"टेरेसचा आहे."

"टेरेसमध्ये माझी बहीण राहते, गेरिट. तिथे कुणी डायक्स्ट्रा नाही."

गेरिट दोरीचा गुंता सोडवायला लागला. तिने घाई केली नाही, मदतही केली नाही.

"मीच," तो म्हणाला. "खांदा गेलाय माझा. चौदा फुटी फिरत नाही आता."

विल्माने थर्मासचं झाकण लावलं.

"ते साऱ्या नदीला दोन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "साडेचारशे ग्रेन वजनाची लाव. आणि ते नाव खरवडून काढ."