दाखल-खारीजचं एक पान

सोमवारी अकराच्या सुमारास आमच्या नव्या प्रिंटरनं एका पानाऐवजी चाळीस पानं बाहेर फेकली, आणि त्यातल्या एकाही पानावर माणसाला वाचता येईल असं काही नव्हतं. टक्क्याची खूण, कंस, मध्येच एखादा आकडा, मग पुन्हा कंस. एक्केचाळिसावं पान निघायला लागलं तेव्हा मी सरळ प्लग ओढला. समोरच्या बाकावर बसलेला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “झालं का बाई?”

मी पांढरकवड्याच्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात सतरा वर्षं संगणक सांभाळते. संस्थेच्या शाळा गावोगावी आहेत, आणि त्या सगळ्यांचं दप्तर एका सर्व्हरवर आहे. एका बँकेनं मोडीत काढलेलं हे मशीन आम्ही नागपूरहून आणलं. टेबलाखाली मावेल एवढं काळं कपाट. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, फोटो नाही, काही नाही. पण सतरा वर्षांत ते कधी अडून बसलं नव्हतं, आणि त्याची नस न् नस एकट्या मला ठाऊक होती. चार तालुके फिरलात तरी हे मशीन समजणारी दुसरी बाई मिळायची नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवत असे. गर्व म्हणा. होताच.

बाकावरचा माणूस केळापूरच्या पुढच्या एका पोडावरचा. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. त्याच्या मुलीला नागपूरला नर्सिंगची जागा मिळाली होती, जमातीच्या राखीव कोट्यातून. ती टिकवायची तर जमात तपासणाऱ्या समितीकडून वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी बापाच्या शाळेचा जुना कागद हवा. आमच्या शाळेत तो चौथीपर्यंत शिकला होता. दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव, जन्मतारीख आणि जात लिहिलेली होती. त्या पानाची नक्कल घेऊन शुक्रवारी समितीपुढे उभं राहायचं होतं. एवढंच काम.

रजिस्टरं मीच स्कॅन केलेली, नऊ वर्षांपूर्वी. उतारा मागितला की सर्व्हर त्या पानाचं चित्र घेतो, खाली संस्थेचं नाव, क्रमांक, तारीख घालतो, त्याची पीडीएफ करतो आणि प्रिंटरला पाठवतो. चित्र बघायचं तर कागदावरच; हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर ते दिसत नाही. ती फाइल लॅपटॉपवर काढून घ्यायची सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ठेवली नव्हती, आणि तो माणूस केव्हाच धंदा गुंडाळून गेलेला. असे उतारे फारसे कुणी मागतही नसे. जुना प्रिंटर उन्हाळ्यात मेला, नवा आला, आणि नव्यावर उतारा काढायची ही पहिलीच वेळ होती.

“प्रिंटरच भंगार निंघाला,” आमचे बडे बाबू म्हणाले. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि त्या दीड वर्षात कसलीही भानगड नको हे त्यांचं एकमेव धोरण.

मी आधी सर्व्हरवरून साधी पटसंख्येची यादी छापली. झकास आली. मग माझ्या लॅपटॉपवरून त्याच प्रिंटरवर एक पीडीएफ छापली. तीही झकास. म्हणजे प्रिंटरला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. अक्षरं जात होती, चित्र जात नव्हतं, आणि घोळ आमच्या मशीनच्या रांगेत होता. सर्व्हर प्रत्येक छपाई आधी एका रांगेत लावतो, आणि कोणत्या प्रिंटरशी कसं बोलायचं हे त्या रांगेच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं.

“उद्या या,” मी त्या माणसाला म्हटलं. “उद्या देते.”

तो मंगळवारी नऊलाच आला. मी दहाला पोचते.

मंगळवारी मी रांगेतलं भाषांतर बंद केलं. सर्व्हर आपली अक्षरं प्रिंटरच्या अक्षरांत बदलून पाठवतो; चित्रालाही तो अक्षरंच समजत असणार, असा माझा अंदाज. कचरा थांबला. आता काहीच येईना. प्रिंटरचा दिवा लुकलुकायचा, मग विझायचा. कचरा तरी बरा होता, निदान काहीतरी बाहेर पडत होतं. नागपूरच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, ये मशीन अभी तक चालू है क्या?” आणि हसला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारी वीज गेली, चारला आली. बाकावरचा माणूस तसाच बसून. मला त्याचा राग येऊ लागला होता. खोटं कशाला सांगू, येऊ लागला होता. कुणी नुसतं बसून बघत असलं की माझा हात चालत नाही. “काका, तुम्ही घरी जा ना,” मी म्हटलं, “झालं की फोन करते.”

“पोडावर रेंज नाई राह्यत बाई,” तो म्हणाला. “बसतो मी. मले काय काम हाय?”

काम होतं. कापूस फुटायला लागला होता, आणि घरी एकटी बायको वेचत होती, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

बुधवारी सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉपवरून छापताना लॅपटॉप स्वतः त्या पीडीएफचं प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करून पाठवतो. या प्रिंटरला मूळ पीडीएफ कळतच नाही. म्हणजे तेच रूपांतर सर्व्हरनं करायला हवं, आणि तो ते करतोही, फक्त त्याला समोरचा प्रिंटर कोणता ते खरं खरं सांगावं लागतं. मी सेटिंग उघडलं. तिथे मेलेल्या प्रिंटरचं मॉडेल लिहिलेलं होतं. उन्हाळ्यात नवा प्रिंटर लावताना मी फक्त पत्ता बदलला होता, मॉडेल नाही. अक्षरं छापली जात होती, म्हणून पुढे बघितलंच नाही.

मॉडेल बदललं. अर्धं पान आलं. वरचं अर्धं, नंतर कोरं. उतारा लीगल आकाराचा आणि ट्रेमध्ये ए-फोर. बुधवार त्यात गेला. लीगलचा ट्रे खोक्यातच होता, खोकं माळ्यावर, आणि माळ्याची किल्ली सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे.

गुरुवारी दुपारी बाराला पान आलं. अख्खं, स्वच्छ, काळं कुळकुळीत. खाली क्रमांक, तारीख, संस्थेचं नाव. मी ते पान हातात धरून टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. “काका, या,” मी ओरडले. “या, बघा तुमचं नाव!”

तो आला. चौथीपर्यंतचं वाचन त्यानं टिकवलं होतं. एकेका नावावर बोट ठेवत खाली गेला, सातव्या ओळीवर थांबला, आणि तोंडभर हसला. “हा मी. हा माह्या बाप.” मग बोट आडवं सरकलं. जन्मतारीख. जन्मगाव. त्यापुढे जातीचा रकाना. बोट तिथे थांबलं.

रकाना कोरा होता.

मला वाटलं छपाई उडाली. पुन्हा छापलं. पुन्हा कोरा. वरच्या ओळींत कुणबी, तेली, माळी, पुन्हा कुणबी, सगळं ठसठशीत. अकरा नावांपैकी चार नावांपुढे काही नाही. चौघंही वस्त्यांवरची मुलं होती, हे त्यानंच सांगितलं. चौथा तो स्वतः, आणि उरलेल्या तिघांना तो ओळखत होता.

“मास्तरनं लिवलंच नसंन,” बडे बाबू म्हणाले.

“लिवलं होतं,” तो म्हणाला. “मी पाह्यलं हाय. लाल शाईनं.”

तेव्हा मला कळलं. आमच्या शाळांत जुनी पद्धत होती: अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची जात लाल शाईनं लिहायची, म्हणजे शिष्यवृत्तीच्या वेळी मोजायला सोपं. आणि त्या रजिस्टरांच्या रेघाही लाल. नऊ वर्षांपूर्वी स्कॅन करताना फाइली जड होत होत्या, जुना प्रिंटर रेघांवर अडखळत होता. म्हणून मी स्कॅनरमध्ये एक सेटिंग लावलं, लाल रंग गाळून टाकायचं. रेघा गेल्या, पानं कशी धुतल्यासारखी दिसायला लागली. मी स्वतःवर खूश झाले होते. पहिली पाच-सात पानं तपासतानाच काही रकाने कोरे दिसले होते. तेव्हा मी हसून म्हटलं होतं, जुने मास्तर काय आळशी होते बघा.

माझं नाव त्या रजिस्टरात असतं तर माझी जात निळ्या शाईत लिहिलेली असती, आणि सुखरूप राहिली असती. म्हणूनच लाल शाईची आठवण मला झाली नाही. दुसरं कारण मला सापडत नाही, आणि मी खूप शोधलं.

मूळ रजिस्टर मागवावं म्हणून शाळेत फोन केला. मुख्याध्यापक म्हणाले, जुन्या रजिस्टरांची पोतडी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत जमिनीवर होती, वाळवीनं तिचा भुगा केला. “तुम्हीच म्हटलं होतं ना मॅडम, कुठेही ठेवा, आता सगळं मशीनमध्ये आहे.” म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चार दिवस मी नुसता पोहरा घासत बसले होते.

बडे बाबूंनी दार लोटलं आणि खिशातून पेन काढलं. “मॅडम, हा मानूस कोलाम हाय का नाई? हाय. रजिस्टरात तसं लिवलं होतं का नाई? होतं. मंग आपन काई खोटं करून नाई राह्यलो. भरून टाका चार अक्षरं, पुन्हा झेरॉक्स मारा, कोन पाह्यते?”

भानगड नको म्हणणारा माणूस हे बोलत होता, म्हणजे त्यालाही ते पान बोचत होतं. मी पेन हातात घेतलं. हे कबूल करते. बापाकडे बघितलं. तो पेनाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि मी भरलं असतं तर त्यानं नाही म्हटलं नसतं. पण उद्या समितीनं मूळ फाइल मागितली आणि ती कोरी निघाली, तर पोरीच्या नावावर बनावट कागदाचा शिक्का बसला असता, कायमचा. मी पेन खाली ठेवलं आणि संस्थेच्या कागदावर लिहायला घेतलं: सदर रकाना कोरा दिसण्यास मी जबाबदार आहे. कारण लिहिलं, स्कॅनरचं सेटिंग लिहिलं, सही केली. अध्यक्षांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

शुक्रवारी मीही समितीपुढे गेले. मुलगी त्याच दिवशी नागपूरला कॉलेजात मुदत मागायला गेली होती; तिचं अधिकारपत्र घेऊन बाप आला होता. अधिकाऱ्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. “मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा मान्य,” ते म्हणाले, “पण कोरा रकाना पुरावा कसा धरू? कुणीही येऊन म्हणेल, इथं लाल शाई होती.” मग बापाला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

तो उभा राहिला. “साहेब, मास्तर दर वर्साले हजेरी घेऊन ये अन् म्हने, लाल शाईवाले उभे राहा. आमी उभे राहो. सारी शाळा पाहे. मले लई लाज वाटे. घरी येऊन रडो मी. आता तुमी म्हन्ता ते लिवलंच नाई.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले की गावात चौकशी लावतो, जुनी माणसं, महसुलाचे कागद, सगळं बघू. आणि पुढच्या महिन्याच्या अखेरची तारीख दिली.

बाहेर जिन्यात तो खालच्या पायरीवर बसला. “पोरीले तुमी सांगा बाई,” म्हणाला. “माह्यानं नाई होत.”

मी फोन लावला. मी बोलायच्या आत तीच बोलली, धापा टाकत, आनंदात. “मॅडम, कॉलेजवाले पंधरा दिवस थांबतो म्हन्ते! मी हेडमॅडमच्या पाया पडली. पंधरा दिवसांत होते ना?”

मी सांगितलं. स्कॅनर, रंग, वाळवी, पुढच्या महिन्याची तारीख, चूक माझी, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी मी थांबले. मला वाटलं, आता शिव्या दे गं बाई, मोकळी हो.

“बाबा जेवले का वो मॅडम?” तिनं विचारलं.

मी खाली पायरीकडे बघितलं. सोमवारपासून तो माझ्यासमोर बसून होता, नऊपासून संध्याकाळपर्यंत, आणि हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.