द्राक्षबाग आणि दोन जावा

ती घटना मनातून जात नाही. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण आता शुक्रवार पेठेतल्या घरी बसलो की आठवतं ते वैरागकडच्या एका गावातलं कापलेल्या बागेचं प्रकरण.

वैरागच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, रातच्याला द्राक्षबाग कापलीय. माल उतरायला आल्याली बाग. आन् कुणी कापली ते समद्या गावाला ठाऊक हाय."

जाऊन पाहिलं. वेलींची खोडं जमिनीपासून वीतभर उंचीवर कापलेली. मांडवाला घड तसेच लटकत होते, पानांनी मात्र माना टाकायला सुरुवात केली होती. मालक नुसता बांधावर बसून होता. बोलत होता त्याचा चुलत भाऊ. पंच बोलावण्यापासून आम्हाला पाणी देण्यापर्यंत सगळीकडे तोच पुढे.

संशय होता सांगोल्याकडून मेंढ्या घेऊन आलेल्या एका तरुण मेंढपाळावर. त्याच्या कळपातली शेरडं बागेत शिरली म्हणून मालकाने त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. तोही रागात म्हणाला होता, "तुजी बाग ऱ्हाती का बघतो." हे अर्ध्या गावाने ऐकलेलं. मी पोहोचण्याआधीच त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. जबाब घ्यायला बसलो तर जो येई तो एकच सांगे, त्यानंच कापली. एका शेतकऱ्याने तर त्या रात्री त्याला बागेच्या बांधावर पाहिल्याचं सांगितलं.

नाही म्हणणाऱ्या फक्त दोघी. सख्ख्या जावा, आणि त्याही मालकाच्याच भावकीतल्या. खतासाठी मेंढ्या त्यांच्या रानात बसवल्या होत्या. त्याच रात्री मेंढपाळाची बायको पालात बाळंत झाली आणि पहाटेपर्यंत या दोघी तिच्यापाशी होत्या.

दोघींना वेगवेगळं बसवून मी खोदून विचारलं. "तुम्ही पालाच्या आत, तो बाहेर. मधे निघून गेला असला तर तुम्हाला काय कळणार?"

थोरली म्हणाली, "घडोघडी ऊन पाणी मागत हुतो की. त्योच आणून देत हुता. दुसरं माणूस तितं हुतंच कुटं?"

"मग बाग कापली कुणी?"

"ते आमाला म्हाईत न्हाय. त्यानं कापली न्हाय, येवढं म्हाईत हाय."

धाकटीनेही हेच सांगितलं, स्वतःच्या शब्दांत. जेवढं ठाऊक त्याच्या पुढे दोघीही एक पाऊल गेल्या नाहीत.

मी अटक लांबवली. त्यावर गाव ठाण्यासमोर येऊन बसलं. मेंढपाळाच्या मेंढ्यांना गावाने पाणी बंद केलं, तेव्हा जावांनी आपल्या विहिरीवरून पाजलं. मग त्यांचं दळण गिरणीवाला घेईना. नवऱ्यांना लोक सांगू लागले, बायका आवरा. देवळातल्या बैठकीत थोरली उभी राहिली आणि तेच पुन्हा बोलली. आवाज चढवला नाही, कुणाला खोटारडा म्हटलं नाही. "तुमच्यापैकी कुणी त्याचं त्वांड बघितलं का?" एवढं विचारून ती खाली बसली. तिला शिव्या देणाऱ्या शेजारणीचं पोर तापाने फणफणलं, तेव्हा त्याला वैरागला दवाखान्यात घेऊन गेल्या त्या याच दोघी.

काही दिवसांनी बांधावर पाहिल्याचं सांगणारा तो शेतकरी एकटाच ठाण्यात आला. टोपी काढून समोर बसला.

"साहेब, जबाब बदलायचा हाय. मी मानूस बघितला, पर पाठमोरा. त्यो कोण ते मी ठरवलं नव्हतं. गाव म्हणालं, मग मलाबी तसंच वाटलं."

"आता का आलात?"

"त्या बाईनं त्वांड बघितलं का म्हणून इचारलं. तवापासून जेवण ग्वाड लागंना. पर मी आल्तो हे गावात सांगू नका."

त्याच्यामागून आणखी काही जण जबाब बदलायला आले. कुणी वैरागच्या बाजाराचं निमित्त काढून, कुणी तहसीलच्या कामाचं. प्रत्येकाची विनंती तीच, गावात कळू देऊ नका. पारावर मात्र हेच लोक अजून मेंढपाळाला दोष देत होते.

त्या शेतकऱ्याला मी पुन्हा खोदून विचारलं. बागेतून निघालेला माणूस गेला कुठे? मेंढपाळाच्या पालाकडे नाही, उलट बाजूला, चुलत भावाच्या विहिरीकडे. मग चुलत भावाच्या शेजारची एक म्हातारी बोलली. त्या पहाटे त्याने चिखलाचे कपडे स्वतःच हौदावर धुतले होते. बागेचं ठिबक रात्रभर चालू होतं, त्यामुळे बागेत चिखल होताच. पंचांसमक्ष त्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची झडती घेतली. छाटणीची आरी सापडली, दातांत द्राक्षवेलीच्या सालीचे तंतू अडकलेली.

दुपारभर तो नाकारत राहिला. आरी टेबलावर ठेवली तेव्हा खचला.

"माजी बाग दावण्या रोगानं गेली. त्याची रोज डोळ्यापुढं. बघवंना झालं." मग थांबून म्हणाला, "मी मेंढक्याचं नाव घेतलंच नव्हतं, साहेब. गावानंच घेतलं. मी नुसतं व्हय म्हणलो."

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर एका कामासाठी त्या गावात गेलो. पारावर चहा झाला. जो तो सांगत होता, "आमाला पयल्यापास्नं वाटतच हुतं, त्यो मेंढका न्हवं." त्यानेच कापली असा मला आधी जबाब देणारेच ते लोक, आणि मनापासून बोलत होते. आपलं मत कुणामुळे बदललं, हे त्यांच्या खरंच लक्षात राहिलं नव्हतं. जावांचं नाव कुणी काढलं नाही.

थोरली तिथून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती. तिला हे सगळं ऐकू आलं. मी म्हटलं, "बाई, हे काय बोलतायत बघा."

"म्हणू द्या की," ती म्हणाली. "आता समदे खरं बोलत्यात न्हवं? मग आदी कोण बोललं ते कशाला पायजे?" आणि ती पुढे गेली.

पुढे जिथे जिथे सारं गाव एकमुखाने एकच नाव घेताना दिसलं, तिथे मी जबाब थांबवून आधी विचारत असे, याला नाही म्हणणारं कुणी आहे का? असलं तर त्याला सगळ्यांत आधी आत बोलवत असे. त्याचं खरं असेल किंवा नसेल. पण त्याचं ऐकून मगच बाकीच्यांचं ऐकलं, तर प्रत्येकजण निदान स्वतः पाहिलेलं काय आणि ऐकलेलं काय, हे वेगळं करून सांगू लागतो. तपासाला तेवढं पुरतं. त्या दोघी बोलल्या नसत्या तर एक नवं बाळ बापाशिवाय त्या गावाबाहेर पडलं असतं, आणि त्या बापाच्या अटकेच्या कागदावर सही माझी असती.