पुलावरचा थांबा

गावात तिला खडीबाई म्हणतात. आधी कुचेष्टेनं म्हणायचे, आता कौतुकानं म्हणतात. तिला दोन्ही वेळा सारखंच चाललं. बसस्थानकामागच्या गल्लीत तिचं पडदे शिवायचं दुकान आहे. आत एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, खिडकीशी मशीन आणि मशीनच्या वर, खुंटीला टांगलेली सायकल. खाली ठेवली तर पडद्यांना ग्रीस लागतं, म्हणून सायकल वर. गिऱ्हाईक आधी सायकलकडे बघतं, मग पडद्यांकडे. "ही कोणाची हो?" असं कुणी विचारलं, की बाई हातातल्या टेपचं टोक स्वतःच्या छातीला लावते आणि पुन्हा माप घ्यायला लागते.

सायकल मूळची तिच्या भाच्याची. नोकरीसाठी तो परदेशी गेला आणि जाताना ती मावशीच्या गळ्यात मारून गेला. जाड टायर, खाली वळलेलं हँडल. रस्त्यावरची नव्हे, खडीवरची सायकल, असं तो म्हणाला होता. बरेच महिने ती नुसती धूळ खात पडली. मग जंगलातल्या विश्रामगृहाच्या पडद्यांचं काम आलं. खिडक्यांची मापं घ्यायची होती आणि पुलाच्या पुढे यायला एकही रिक्षावाला तयार होईना. शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेली ही बाई, टेप गळ्यात आणि जीव मुठीत घेऊन निघाली. संध्याकाळी परत आली ती गुडघे खरचटून, केसांत पालापाचोळा घेऊन आणि तोंडभर हसत.

"शिंगं मोडून वासरांत शिरलीस होय!" सासूबाई म्हणाल्या.

"मोडली कुठे?" तिनं हँडल पुढे केलं. "चांगली वळलेली आहेत."

तेव्हापासून ती वाट तिची झाली. जुन्या काळी घोडी आणि खेचरं जायची त्या वाटेनं. गावाबाहेर तीन कमानींचा दगडी पूल, तिथं डांबर संपतं. पूल ओलांडला की जंगलखात्याचं फाटक आणि लगेच खाली ओढ्यापर्यंत गेलेला सुट्या खडीचा उतार. पलीकडच्या चढावर पडका जकात नाका, त्याच्या दारात जनावरांसाठी कोरलेली दगडी कुंडी आणि सगळ्यात वर टेहळणीचा बुरूज. दर रविवारी चारपाच जण तिच्या मागे असतात. कुंडीपाशी ती सगळ्यांना उतरवते आणि काठावरच्या दोराच्या खाचांवरून बोट फिरवायला लावते. इथं कोण थांबलं असेल, कोण कोणाची वाट बघत बसलं असेल, हे ती इतक्या ठामपणे सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, ही त्या वेळी तिथंच होती. खरंखोटं तो दगड जाणे, असंही शेवटी म्हणते.

आता नवऱ्याबद्दल. हमरस्त्याच्या तिठ्यावर त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण हवेच्या बाबतीत हट्टी. ट्रकचा टायर लोखंडी कांबीनं ठोकायचा, टणटणीत वाजला तर पास, भद्द वाजला तर नापास, यात त्याची हयात गेली. बायकोच्या सायकलवर त्याचा जीव. रविवारी पहाटे उठून तो स्वतः हवा भरायचा, टायरवर बोटाचं पेर ठोकायचा आणि खूश व्हायचा. टायर दगड. आणि दगडासारखा टायर सुट्या खडीवर नुसता उड्या मारतो, धरून म्हणून कशाला राहत नाही. खडीवर टायर थोडा मऊच लागतो, अंगठ्यानं दाबला तर दबेल इतका. बाईला हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं, दोन्ही कोपरं फोडून घेतल्यावर.

तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. "टायरमधलं तू मला शिकवणार?" एवढं म्हणून तो जेवायला बसला आणि न बोलता उठला. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. नवरा-बायकोत काही लपवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांची लग्नं झालेली नसावीत. ती आपली पुलावर थांबायची, वाकायची, वॉल्व्हची पिन दाबून फुस्स करून हवा सोडायची आणि पुढे जायची. घरी आल्यावर तो विचारायचा, "कशी होती हवा?" ती म्हणायची, "एक नंबर." संसार सुरळीत चालला होता.

घोटाळा झाला तो रविवारच्या मंडळींतल्या दाताच्या डॉक्टरांमुळे. बाकी मंडळी बाईनं शिकवल्याप्रमाणे आपापल्या घरून हवा बघून यायची. एका रविवारी डॉक्टर उशिरा निघाले आणि तिठ्यावर टायरवाल्यानं त्यांना प्रेमानं थांबवलं. "डॉक्टर, टायर पार बसलेत तुमचे!" आणि भरली की दाबून हवा. सगळ्यांना गाठायच्या घाईत डॉक्टर पुलावरून सरळ उतारावर आले आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन ओढ्यात जाऊन बसले. बाईनं त्यांची सायकल उचलली, टायर दाबला आणि काय ते समजली. डॉक्टर नशिबाला बोल लावत राहिले. ती गप्प राहिली.

पण जंगलखात्याच्या मॅडम गप्प राहणाऱ्या नव्हत्या. त्यांनी बाईला कचेरीत बोलावून घेतलं. "उतार धोक्याचा आहे. सायकलींना फाटक बंद करावं लागेल."

"उतार धोक्याचा नाही," बाई म्हणाली. "तुम्ही स्वतः उतरून बघा माझ्यामागे. पडलात तर कुलूप मी लावते."

मॅडम तरुण होत्या, सायकल चालवणाऱ्या होत्या. त्यांनाही चेव आला. रविवार ठरला.

ही बातमी घरी पोचली आणि टायरवाला कामाला लागला. मॅडमची सायकल त्यानं आदल्या दिवशीच मागवून घेतली. दोन्ही सायकलींचे चारही टायर असे फुगवले, की बोट ठोकलं तर बोटालाच लागावं. वर रविवारी सकाळी पंप घेऊन स्कूटरवरून पुलावर हजर. "खात्याच्या मॅडम आहेत. काही कमीजास्त झालं तर नाव माझ्या दुकानाचं जाईल."

बाईची पंचाईत झाली. समोर उतार, पलीकडे जकात नाका, कुंडी, बुरूज. आयुष्यात उशिरा का होईना, स्वतःचं म्हणून मिळालेलं एवढंच. आणि बाजूला हा माणूस, हातात पंप घेऊन, लग्नाच्या फोटोत उभा होता तसा ताठ.

"निघायचं?" मॅडमनी एक पाय पेडलवर ठेवला.

"थांबा," बाई म्हणाली. एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मग बघितलं नाही. "आधी हवा काढा. निम्मी तरी. मी दाखवते कशी."

ती वाकली. फुस्स. पुढचा, मागचा. मॅडमच्या सायकलचे दोन, स्वतःचे दोन. त्या शांत सकाळी तो आवाज केवढा मोठा वाटला.  टायरवाल्यानं पंप स्कूटरला अडकवला आणि वळून निघून गेला.

त्या उतारावर बाई उतरली ती मात्र बघण्यासारखी. ब्रेकवर बोट हलकं, वजन मागे, कोपरं सैल. "हँडल आवळू नका, त्याला नाचायचं तेवढं नाचू द्या!" असं ओरडत. मॅडम तिच्या मागोमाग ओढ्यात पोचल्या तेव्हा चक्क हसत होत्या. वर कुंडीच्या खाचांवरून त्यांनीही बोट फिरवलं. फाटकाला कुलूप लागलं नाही. उलट पुलापाशी पाटी लागली: थांबा, टायर अंगठ्यानं दाबून बघा, मगच उतरा.

घरात मात्र आठवडाभर टाचणी पडली तरी ऐकू यावी. सासूबाईंनी दोन्हीकडचा अंदाज घेतला आणि शहाण्यासारखं माळेत मन घातलं. बाईला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण केलं त्याचा पश्चात्ताप नव्हता. पुन्हा वेळ आली तर तिनं पुन्हा हवाच काढली असती.

पुढच्या रविवारी ती उठली तर सायकल अंगणात उभी. तिनं टायर दाबला. दबला, हवा होता तेवढाच.

टायरवाला पायरीवर चहा पीत बसला होता. "डॉक्टरांकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "सांगितलं त्यांना, हाड माझ्यामुळे मोडलं म्हणून. पुढचा दात मी तुमच्याकडेच काढून घेईन म्हटलं, भूल न देता." मग म्हणाला, "दुकानाच्या गच्चीवरून पूल दिसतो."

"दिसतो, मग?"

"तू तिथं थांबून वाकायचीस. मला वाटायचं, बुटाची नाडी बांधतेस. म्हणायचो, एवढी हुशार बाई, पण धड गाठ मारता येत नाही."

"अहो, माझ्या बुटांना पट्ट्या आहेत! नाडी आहेच कुठे?"

"गच्चीवरून काय दिसणार तेवढं?" त्यानं कप खाली ठेवला. "एवढंच दिसायचं की पुलापर्यंत नीट पोचलीस. मग मी खाली उतरून शटर उघडायचो. आता हवा इथंच बेताची भरली, म्हणजे तू तिथं थांबणार नाहीस."

 बाईनं हेल्मेट घातलं आणि ती निघाली.

पुलावर मागची मंडळी तिच्याजवळ आली, तेव्हा ती सायकल कठड्याला टेकवून खाली वाकली होती. "खडीबाई, हवा जास्त झाली का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. नाडी बांधतेय," ती म्हणाली आणि बुटाची पट्टी उघडून पुन्हा लावली, अगदी सावकाश. मग उठली आणि तिठ्याकडे तोंड करून हात वर केला. खाली, दूरवर, एक शटर वर गेल्याचा आवाज आला.