शांतवनकाकांचं मागणं

देहूरोडच्या चर्चच्या आमच्या मंडळीत शांतवन पाटोळे प्रार्थनेला उभे राहिले की आम्ही पोरं खूश व्हायचो, कारण त्यांची प्रार्थना चार वाक्यांत संपायची. मूळचे ते नेवाशाकडचे. लष्कराच्या डेपोत ओझी उचलून त्यांनी दोन खोल्यांच्या घरात एकुलता मुलगा सुजित वाढवला. रोज रात्री आठला जेवणं झाली की खरकटी ताटं तशीच बाजूला सारून तिघं डोळे मिटायची. सुजितची आई करुणाबाई देवापुढे भलीमोठी यादी मांडायची. सुजितचा खोकला, गणिताचा पेपर, पुढे डिप्लोमा, मग नोकरी, मग सून. काका सगळ्यात शेवटी एकच वाक्य बोलायचे, "प्रभू, माझ्या लेकराला खोट्यात सुखानं बसू देऊ नकोस. आमेन."

दहावीत असताना सुजित एकदा चिडला. "पप्पा, लोकांचे वडील पोरांसाठी काहीतरी चांगलं मागतात."

"चांगलं सगळं तुझी आई मागते," काका म्हणाले. "राहिलेलं मी मागतो."

आईचं मागणं एकेक करून पुरं होत गेलं. सुजित चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागला, शिफ्ट इन्चार्ज झाला. वर्षालीशी लग्न झालं, मुलगी झाली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले आणि वर्षाच्या आत करुणाबाईही. त्यानंतर घरातली प्रार्थना बंद पडली. कुणी मुद्दाम बंद केली असं नाही. जेवण झालं की वर्षाली ताटं उचलायची आणि सुजित टीव्ही लावायचा, एवढंच.

दोन वर्षांनी, मार्चअखेरच्या घाईत, कारखान्यातला पत्रा दाबून आकार देणारा एक पॉवर प्रेस त्रास देऊ लागला. हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा त्याचा सेन्सर बिघडला होता आणि काम सारखं अडत होतं. मॅनेजर म्हणाला, "सेन्सर बायपास कर. माल जाऊ दे, मग दुरुस्त करू." सुजितनं स्वतःच्या हातानं वायर जोडून सेन्सर बंद केला. तिसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीराम नावाचा कंत्राटी कामगार अडकलेला पत्रा काढायला आत वाकला आणि प्रेस खाली आला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

संध्याकाळी मॅनेजरनं टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कामगारानं सूचना न पाळता सेन्सर स्वतः बंद केला, असा जबाब होता.

"सही कर, भावा. नाहीतर पहिला तूच आत जाशील."

सुजितनं सही केली.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामची आई गोजाबाई औशाकडच्या गावाहून आली. कंपनीच्या गेटवर तिनं सुजितला गाठलं. "सायेब, तुमीच त्याचे वरचे ना? माझं लेकरू यवढं बेफिकीर व्हतं का हो?"

"हो मावशी. त्यानंच बंद केला होता."

"ल्हानपणी हिरीच्या काठाला बी जात नव्हतं," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

त्या दिवसापासून आठच्या सुमाराला सुजितच्या घशाखाली घास उतरेना. आधी त्यानं पित्तावर नेलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग त्यानं दुसरी शिफ्ट मागून घेतली, म्हणजे आठ वाजता घरी असायला नको. कँटीनच्या गोंगाटातही तेच. मला हे त्यानंच सांगितलं. म्हणाला, "आवाज वगैरे काही ऐकू येत नव्हता रे. फक्त ते वाक्य. पप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी ते वाक्य माझ्या आधी येऊन तिथं बसलेलं."

एका रविवारी उपासना सोडून तो कबरस्तानात गेला आणि काकांच्या कबरीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "पप्पा, बास करा आता. मला पोरगी आहे." माळी वळून बघायला लागला, तसा तो निघून आला.

हे असं वर्षभर चाललं. कंपनीनं त्याला बढतीही दिली. मग एके दिवशी कामावर न जाता तो आधी कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयात गेला, तिथून पोलीस चौकीत, आणि दोन्हीकडे हातानं लिहून दिलं: सेन्सर ज्योतीरामनं नाही, मी बंद केला, मॅनेजरच्या सांगण्यावरून केला, आधीचा जबाब खोटा आहे.

मॅनेजरनं कानांवर हात ठेवले. लेखी काही नव्हतंच. कंपनीनं सुजितला काढलं आणि गुन्हा त्याच्या एकट्यावर दाखल झाला. तो जामिनावर सुटून घरी आला तेव्हा वर्षाली बॅग भरत होती.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"नाही."

"देवाला तरी विचारलंस?"

"नाही."

मुलीला घेऊन ती श्रीरामपूरला माहेरी गेली.

सुजितला वाटलं होतं, कागद दिला की निदान घास तरी उतरेल. उतरला नाही. म्हणून वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी धरून तो ज्योतीरामच्या गावी गेला. गोजाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"तवाच का न्हाई सांगितलं?"

"भ्यालो, मावशी."

"वरीस झालं मी त्याला शिव्या देतीय," ती म्हणाली. "मेलेल्या लेकराला. रोज. का रं बाबा असा वागलास, म्हणून." मग ती एकदम उठली. "मला नको सांगू. तिकडं पारावर माणसं हाईत, त्यांना सांग. समदं गाव त्यालाच नावं ठेवतंय."

सुजित पारावर गेला. सात-आठ माणसं होती, दोघं मोबाइल बघत होते. त्यानं सांगितलं, "ज्योतीरामची काही चूक नव्हती. मशीन मी बिघडवून ठेवलं होतं, आणि खोटंही मीच बोललो." कुणी मारलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. मागे वळून बघितलं तर गोजाबाई घरात गेली होती आणि दार लावलेलं होतं.

आता तो भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, भोसरीतच कॉट बेसिसवर, म्हणजे चौघांच्या खोलीत एका कॉटच्या भाड्यावर राहतो. अंगातलं मांस गेलंय. मुलीशी रविवारी फोनवर बोलतो, वर्षाली फोन घेत नाही. मी एकदा विचारलं, प्रार्थना करतोस का? म्हणाला, "काही मागायलाच भीती वाटते."

मंडळीत शांतवनकाकांच्या प्रार्थनेचं फळ म्हणून त्याची गोष्ट दोनदा सांगून झाली. दोन्ही वेळा तो मागच्या बाकावर होता, आणि दोन्ही वेळा मध्येच उठून गेला. कोर्टाची पुढची तारीख जूनमध्ये आहे. सोबत कुणीतरी जावं, असं पाळकांनी उपासनेनंतर सुचवलं. अजून कुणी नाव दिलेलं नाही. मीही दिलेलं नाही.