चालू सर्व्हर बंद करणारा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात वीज जाऊन आली की सर्व्हर सुरू व्हायचा, पण शिफ्टच्या हजेरीला गर्दी झाली की अडायचा. दरवेळी कोणीतरी येऊन कर्नलमधली, म्हणजे सर्व्हरच्या मूळ प्रणालीतली, एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा तात्पुरती वाढवायचा आणि शाबासकी घेऊन जायचा. पुन्हा वीज गेली की ती मर्यादा पहिल्या आकड्यावर यायची.

एकदा चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस आला. त्याने वाढीव मर्यादा सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमची लिहिली, शेजारी कारणही लिहिलं आणि चालू सर्व्हर मुद्दाम बंद केला.

साहेब खेकसले, "चाललं होतं ना? मग बंद कशाला केलं?"

"परत सुरू झाल्यावर आकडा टिकतो का, ते बघूनच जाईन," तो हाताची घडी घालून म्हणाला.

त्याला चहासुद्धा कोणी विचारला नाही.

त्यानंतर कितीदा वीज गेली तरी सर्व्हर एकदाही अडला नाही. तरी साहेब अजून सांगतात, आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं: "त्या माणसाने आपला तासभर खाल्ला!"