वहिनीले लिहून कोण देते?

माझ्या बायकोच्या व्हिडिओंतलं एकही वाक्य मी लिहिलेलं नाही, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. उलट कोणी विचारलं की मी नुसता हसत आलो. माझं ते हसू गांधीबागेत फार विद्वान समजलं जातं.

माझं तिथे साड्यांचं दुकान आहे. बायको महानगरपालिकेच्या कारभारावर फोनवर व्हिडिओ करते. नळाला पाणी का नाही, रस्ता पुन्हा का खोदला, वॉर्डाचा पैसा कुठे गेला. दुपारभर अंदाजपत्रक वाचते, झोन ऑफिसात जाऊन बसते, मग बोलते. खाली लोक लिहितात, "ताई, भाजी करपली असेल, बघा." नाहीतर, "राजकारण राहू द्या, साडी कुठून घेतली ते सांगा." या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या घरातून तत्परतेने उत्तर जायचं. मीच द्यायचो, दुकानाच्या पत्त्यासकट. पाणीटंचाईवरच्या व्हिडिओखाली माझा माल बरा खपला.

पुढे तिचं म्हणणं खरं निघू लागलं. तेव्हा लोकांना निराळीच शंका आली. शेजारचा दुकानदार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काहून गा, वहिनीले लिहून तूच देत असशील ना? बाईमाणसाले एवढं कुठून सुचते?"

"घरी चर्चा होऊन राहते," मी म्हणालो. आमच्या घरी चर्चा म्हणजे ती बोलते आणि मी क्रिकेट बघतो.

तेवढं पुरलं. ती हातात कागद धरून बोलायची आणि खाली यायचं, "सरांचा अभ्यास दांडगा!"

"हे सर कोण हो?" तिने विचारलं.

"लोकांचं काय मनावर घेतेस," मी म्हणालो.

महानगरपालिकेची निवडणूक आली. वस्तीतल्या मंडळाने उमेदवारांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम ठेवला आणि मंचावर बोलावलं मला. वहिनींसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखू, असंही आदराने सांगितलं. मी नवा सदरा घालून गेलो. माईक हाती येताच घसा खाकरून विचारलं, "आमदार पाणीपट्टी वाढवतात तेव्हा नगरसेवक काय करून राहतात?" आता, पाणीपट्टी आमदार वाढवतच नाहीत, ते काम महानगरपालिकेचं. पण उमेदवारांनी माना डोलावल्या. टाळ्या पडल्या. एक आजोबा म्हणाले, "मुद्दा खोल होता."

परतताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, "तुम्ही चुकलात, कोणी पुरावा मागितला नाही. मी बरोबर असली तरी मागतात. दिला की विचारतात, कोणी काढून दिला."

"थकली असशील वं."

"थकली नाही. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणालात का, तेवढं सांगा."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली. रहदारीत बोलू नये, हा नियम मी त्या दिवशी फार काटेकोर पाळला.

ती अजून व्हिडिओ करते. परवा कचऱ्याच्या ठेक्यावर बोलली, पहिलीच कमेंट आली, "साहेबांना विचारून बोलत जा, ताई."

इथे लिहून मी सुटलो असं नाही. कमेंट करणारे हे वाचणार नाहीत. तिच्या व्हिडिओत, तिच्या शेजारी बसून, 'यातलं मला काही कळत नाही, हे सगळं काम हिचं आहे' असं मी अजून बोललेलो नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.